हाडाचं सिमेंट: सेट होणं वेगळं, बळ धरणं वेगळं

सिमेंट सेट झालं का ते बघायला त्यावर टेकवतात त्या गिलमोरच्या जड सुईचा ठसा उमटेनासा झाला की ‘सिमेंट कडक झालं’ असं लिहून मोकळं व्हायचं, ही खोड प्रबंधांतही दिसते आणि माहितीपत्रकांतही.

कृत्रिम सांधा बसवताना वापरतात ते पीएमएमए इथे बाजूला ठेवू. ते पॉलिमर; सेट होताना चांगलंच तापतं आणि तेवढ्यात त्याचं काम बहुतेक उरकतं. घोळ होतो तो हाडातली पोकळी भरणाऱ्या कॅल्शियम फॉस्फेटच्या सिमेंटात.

त्यातली अल्फा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची पूड पाण्यात हळूहळू विरघळते, कॅल्शियम कमी असलेल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचे (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचे) स्फटिक तयार होतात आणि एकमेकांत गुंततात. थोडे गुंतले की लगदा आकार धरतो, सुई अडते. हे झालं सेट होणं. पण तेव्हा बरीचशी पूड अजून जशीच्या तशी असते. उरलेलं रूपांतर ३७ अंशांना तासन्‌तास, कधी काही दिवस चालतं आणि दाब सोसण्याची ताकद त्याच्याबरोबर चढत जाते. स्लॅबवर दुसऱ्या दिवशी चालता आलं म्हणून कोणी सेंटरिंग काढत नाही, तसंच.

हिशेब करून बघा. गिलमोरची हलकी सुई ११३.४ ग्रॅमची, टोक २.१२ मिमी, म्हणजे दाब जेमतेम ०.३ मेगापास्कल. जड सुई ४५३.६ ग्रॅम, टोक १.०६ मिमी, दाब सुमारे ५. पूर्ण मुरलेलं अ‍ॅपटाइट सिमेंट याच्या कितीतरी पट सोसतं. ते सुईला कसं कळणार?

त्यासाठी उष्णतामापी लावा: अभिक्रिया किती वेगाने चाललीय ते सलग दिसतं. अल्ट्रासाउंड लावलं तर तोच नमुना न मोडता पाहता येतो. क्ष-किरण विवर्तनाला ठरावीक वेळी अ‍ॅसिटोनने अभिक्रिया थांबवलेले नमुने द्या, किती अल्फा उरलंय ते कळतं. तरीही ताकदीचा आकडा हवा असेल तर ३७ अंशांच्या द्रावात ठेवलेले ठोकळे ठरावीक वेळी काढून दाबून फोडण्याला पर्याय नाही. ब्रशाइट या दुसऱ्या जातीच्या कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटात हा गोंधळ कमी. ते इतक्या चटकन सेट होतं की सिट्रेट घालून आवरावं लागतं.

तापमान न लिहिलेला सेटिंग टाइम मी तर वाचतच नाही. खोलीतल्या २३ अंशांना रेंगाळणारा लगदा शरीरात बराच लवकर सेट होतो. भरायला हातात किती वेळ आहे ते सर्जनला खोलीतल्या तापमानाच्या आकड्यावरून कळतं, जखम कधी शिवायची ते शरीराच्या तापमानाच्या आकड्यावरून.