सिहेयुआन

उत्तर चीनमधील, विशेषतः बीजिंगमधील, पारंपरिक घराचा प्रकार. मध्ये चौकोनी अंगण, चारी बाजूंना एकमजली इमारती आणि बाहेर करड्या विटांची जवळपास बिनखिडक्यांची भिंत. चौसोपी वाडा आठवतो खरा. पण वाड्याचे सोपे सलग असतात, तर येथे इमारती सुट्या असून त्यांना छत असलेल्या पडव्या जोडतात. शेन्शी प्रांतातील फेंगछू येथे या मांडणीचे सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत.

या घरात कोण किती आत जाऊ शकतो, यावरून त्याचे नाते कळे. हुथोंग म्हणजे गल्ल्या बहुधा पूर्व-पश्चिम असतात. गल्लीच्या उत्तरेकडील घराचा दरवाजा मधोमध नसून आग्नेय कोपऱ्यात असतो. फेंगश्वी या चिनी वास्तुशास्त्रानुसार ही शुभ जागा. उंबरठा ओलांडताच समोर विटांची आडभिंत (यिंगबी) येते, त्यामुळे दार सताड उघडे असले तरी रस्त्यावरून अंगण दिसत नाही. डावीकडे वळले की अरुंद बाहेरचा चौक लागतो. त्याच्या दक्षिणेची उत्तराभिमुख, उन्हाला पारखी रांग पाहुणे, नोकर आणि सामानासाठी. पुढे छुइहुआमेन हा दुसरा दरवाजा: पुढचे दोन आखूड खांब जमिनीला न टेकता अधांतरी लोंबतात आणि त्यांच्या टोकांना कमळकळ्या कोरलेल्या असतात. परके पुरुष येथेच थांबत; घरंदाज स्त्रियांनी तो ओलांडून बाहेर येऊ नये, असा दंडक होता.

आत उत्तरेचे दक्षिणाभिमुख घर सर्वांत उंच आणि मानाचे. तेथे वडीलधारी राहत, मधल्या खणात पितरांची पूजा होई. पूर्वेचे घर थोरल्या मुलाला, पश्चिमेचे धाकट्याला. मोठ्या घरांत मागची रांग मुली आणि दासींसाठी असे. उन्हाची वाटणीही मानाप्रमाणेच झाली म्हणायची. बीजिंग ४० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने हिवाळ्यात सूर्य दुपारीही खालीच असतो. रुंद अंगणामुळे त्याचे ऊन उत्तरेच्या घरात खोलवर पोचते, तर उन्हाळ्यातले उभे ऊन वळचण अडवते. दमट दक्षिण चीनमध्ये गरज सावलीची आणि वाऱ्याची, म्हणून तेथे अंगण आक्रसून अरुंद ‘थ्येनजिंग’ होते.

मिंग आणि छिंग राजघराण्यांच्या काळांत सामान्य माणसाच्या मुख्य घराला तीनच खणांची परवानगी होती. त्यामुळे श्रीमंत व्यापारी घर रुंद न करता एकामागे एक चौक वाढवत.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आल्यानंतर एकेका घरात अनेक कुटुंबे आली. १९७६ मध्ये बीजिंगच्या पूर्वेकडील थांगशान शहरात झालेल्या भूकंपानंतर अंगणांत निवाऱ्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे त्या पक्क्या होऊन त्यांत चुली मांडल्या गेल्या आणि अनेक ठिकाणी अंगणाची जेमतेम बोळ उरली.