खुडूक कोंबडीची जागा घेणारी पेटी

घरी अंडी उबवायची तर आज एक छोटी पेटी पुरते. झाकणात पंखा, बाहेर तापमानाचा आकडा, तळाशी पाण्याची खाच आणि अंडी आपोआप कलती करणारा ट्रे. कोंबडीच्या अंड्यांसाठी 37.5 अंश सेल्सिअस लावायचे आणि 21 दिवस धीर धरायचा. या पेटीमागे दोन हजारांहून अधिक वर्षांची खटपट आहे, आणि तिचा फार थोडा भाग ऊब मिळवण्यात गेला. ऊब माणसाकडे होतीच: चूल होती, शेण होते, ऊन होते. अवघड होते ते ती ऊब एखाद्या अंशाच्या फरकात, रात्रंदिवस, तीन आठवडे टिकवणे. म्हणून हा इतिहास पाहताना आग कोणी पेटवली यापेक्षा ती कोणी आवरली, हे शोधत जावे असे मला वाटते.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी नेमके काय करते हे आधी ध्यानात घ्यायला हवे, कारण पुढची सगळी यंत्रे तिचीच नक्कल करतात. रवणावर, म्हणजे उबवायच्या अंड्यांवर, बसली की तिच्या छातीखालची पिसे कमी होतात आणि उघडी, रक्तवाहिन्यांनी भरलेली कातडी थेट अंड्यांना टेकते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी उलटसुलट करते. खाण्यापिण्यासाठी थोडा वेळ उठते, तेवढ्यात अंडी जराशी निवतात आणि त्याने काही बिघडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती रोज एक अंडे घालत जाते, पण पुरेशी अंडी साठेपर्यंत बसत नाही. सुमारे 20-21 अंशांखाली गर्भाची वाढ थबकते. ही सीमारेषा चार्ल्स एडवर्ड्स यांनी 1902 मध्ये मांडली. त्यामुळे आठवडाभरात घातलेली अंडी एकाच वेळी वाढू लागतात आणि पिल्ले जवळजवळ एकाच दिवशी बाहेर पडतात. उबवणीची अंडी आठवडाभर गार जागी ठेवता येतात ती याच गुणामुळे.

अंगाची ऊब न वापरता अंडी उबवणारे पक्षीही आहेत. ऑस्ट्रेलियातला मॅलीफाउल पालापाचोळा आणि वाळूचा मोठा ढीग रचतो. कुजणाऱ्या पाल्याची आणि उन्हाची उष्णता त्याला पुरते. नर चोच ढिगात खुपसून तापमान जोखतो आणि वाळू कमी-जास्त करून ते 33 अंशांच्या आसपास ठेवतो. माणसाने हीच युक्ती स्वतंत्रपणे शोधली, आणि जोखण्याचे काम त्यानेही आधी स्वतःच्या अंगावरच सोपवले.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की इजिप्तमध्ये अंडी शेणाच्या ढिगात पुरून उबवतात. तिथेच पुढे विटांच्या उबवणी-भट्ट्या उभ्या राहिल्या. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग आणि प्रत्येक खोलीचे दोन मजले. खालच्या मजल्यावर अंडी पसरायची, वरच्या मजल्यावर गवतकाडी आणि वाळलेल्या शेणाचा धिमा विस्तव ठेवायचा. छतातली भोके उघडून-मिटून धूर आणि उष्णता आवरायची. विस्तव पहिल्या काही दिवसांपुरताच लागे. नंतर भट्टीच्या भिंतींत मुरलेली आणि खुद्द वाढत्या गर्भांची उष्णता काम करी. अंडी दिवसातून अनेकदा हातांनी फिरवली जात.

तापमापकाचा तर पत्ताच नव्हता. भट्टीवाला अंडे उचलून पापणीला लावायचा. पापणीची कातडी पातळ असते, तिला थोडाही फरक चटकन कळतो. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बेर्मा गावचे लोक या कामासाठी नावाजलेले होते आणि ही विद्या बापाकडून मुलाकडे जाई. त्यांचा व्यवहारही रोखठोक होता: तीन अंड्यांमागे दोन पिल्ले मालकाला परत द्यायची, त्यापेक्षा जास्त निघतील ती आपली. म्हणजे तीनांत दोन निघणे हे त्यांना हमी देण्याइतके नेहमीचे होते. तापमापकाशिवाय, हजारो अंड्यांवर हे साधणे मला आजही थक्क करते. घरच्या पेटीत दोन तृतीयांश अंड्यांतून पिल्ले निघाली तर आजही तो वाईट निकाल मानत नाहीत.

चीनमध्ये वेगळी वाट निघाली. तिथे बदकांची अंडी तापवलेल्या भाताच्या तुसात किंवा भाजलेल्या भातासोबत टोपल्यांत थरांनी रचत. शेवटच्या टप्प्यातले गर्भ स्वतःच बरीच उष्णता सोडतात हे त्या लोकांनी हेरले होते, म्हणून जुनी अंडी नव्या अंड्यांच्या शेजारी ठेवून त्यांच्याकडूनच ऊब घेतली जाई. ही कल्पना विसाव्या शतकात कारखानदारीत पुन्हा अवतरली, ते पुढे येईलच.

रोमची पुढची सम्राज्ञी लिव्हिया गरोदर असताना तिने कोंबडीखालचे एक अंडे काढून, स्वतःच्या आणि दासींच्या ऊबेवर ते उबवले आणि त्यातून डौलदार तुऱ्याचा कोंबडा निघाला, अशी नोंद रोमन चरित्रकार स्वेटोनियसने केली आहे. तिला मुलगा होणार की मुलगी याचा तो कौल होता. पोटातला मुलगा म्हणजे पुढचा सम्राट टायबेरियस.

आग आपोआप आवरली गेली ती सतराव्या शतकात. इंग्लंडमध्ये राहणारे डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल यांनी उबवणीसाठी अशी भट्टी केली की तिच्यात द्रव उष्णतेने फुगे, पारा ढकलला जाई आणि त्याला जोडलेली झडप धुराडे मिटवी. हवा कमी झाली की आग मंदावे, थंड झाले की झडप पुन्हा उघडे. माणसाने मध्ये न पडता तापमान राखणारे हे जगातल्या सुरुवातीच्या साधनांपैकी एक. ते अंडी उबवण्याच्या गरजेतून जन्मले ही गोष्ट कोंबडीपालकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. ड्रेबेल 1633 मध्ये वारले आणि त्यांची भट्टी मोठ्या वापरात कधी आली नाही.

शंभराहून अधिक वर्षांनी फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर या विषयाकडे वळले. तापमापकाची एक मोजपट्टी त्यांच्या नावाने ओळखली जाते, म्हणजे पापणीच्या जागी आकडा आणायला याहून योग्य माणूस नव्हता. इजिप्शियन भट्ट्यांची माहिती मिळवून त्यांनी 1749 मध्ये पिल्ले उबवण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आंबणाऱ्या शेणखतात पिंपे पुरून आणि बेकरीच्या भट्टीवरच्या खोल्यांत अंडी ठेवून त्यांनी प्रयोग केले. शेणखताची ऊब फुकटची होती, पण तिची दमट वाफ पिंपात शिरली की गर्भ मरत. ऊब बरोबर असूनही अंडी वाया जाऊ शकतात, हवा आणि ओलावा हे स्वतंत्र प्रश्न आहेत, हा धडा मला त्यांच्या कामातला सर्वात मोलाचा वाटतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, पाण्याची वाफ बाहेर पडते. पहिल्या 18 दिवसांत अंड्याचे वजन साधारण 11 ते 13 टक्के घटायला हवे. हवा फार दमट असेल तर अंड्यातली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लाला फुप्फुसाने पहिला श्वास घ्यायला जागा उरत नाही. फार कोरडी असेल तर आतले पातळ आवरण चिवट होऊन पिल्लू अडकते.

रेओम्यूर यांच्यानंतर बॉनमाँ या फ्रेंच माणसाने 1777 च्या सुमारास नळ्यांतून फिरणाऱ्या गरम पाण्याने उबवणीची खोली तापवली आणि तापमान आवरायला धातूच्या प्रसरणावर चालणारी योजना बसवली. पाणी हळू तापते आणि हळू निवते, म्हणून ऊब एकसारखी राहिली. 1839 मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर विल्यम बकनेल यांनी वाफेवर चालणारे उबवणी यंत्र तिकीट लावून दाखवले. लोक पैसे देऊन पिल्लू कवच फोडताना पाहायला जात.

घरगुती पेटी खऱ्या अर्थाने आली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी 1879 मध्ये लायमन बाइस आणि आयझॅक डायस यांनी उबवणी यंत्र तयार केले आणि पुढे ते गाव अंड्यांसाठी जगभर ओळखले जाऊ लागले. 1881 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स हेअर्सन यांनी एक फार देखणी युक्ती काढली. पितळेच्या दोन पातळ पत्र्यांच्या कडा जोडून मध्ये थोडा द्रव भरायचा. हा द्रव नेमका हव्या त्या तापमानाला उकळतो. उकळला की चकती फुगते, वरची काडी ढकलली जाते, काडी तरफ उचलते आणि तरफ रॉकेलच्या दिव्याच्या धुराड्यावरचे झाकण उघडते. जादा उष्णता बाहेर जाते, चकती बसते, झाकण मिटते. वीज नसलेल्या घरातही रात्री उठून पाहण्याची गरज या चकतीने जवळजवळ संपवली. द्रवाने फुगणारी अशी चकती पुढे वीज आल्यावरही बटणाला जोडून वापरात राहिली, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत.

याच काळात कोंबड्यांच्या पेटीने माणसांची बाळेही वाचवली. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ स्टेफान तार्निए यांनी 1878 मध्ये तिथल्या प्राण्यांच्या उद्यानात उबवणी यंत्रे पाहिली आणि ती सांभाळणाऱ्या ओदिल मार्तां यांच्याकडून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तशी पेटी बनवून घेतली. 1880 पासून ती प्रसूतिगृहात वापरात आली. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर तिथे 66 टक्क्यांवरून 38 टक्क्यांवर उतरला.

घरोघर पोहोचलेली पेटी मग घरातून हळूहळू गेली, आणि त्याला कारण हॅचरी, म्हणजे मोठ्या प्रमाणावर पिल्ले उबवून विकणारा कारखाना. अंड्यातून निघताना पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, त्यामुळे दोन-तीन दिवस ते दाणापाण्यावाचून निभावते. या गुणाच्या आधारे अमेरिकेच्या टपाल खात्याने 1918 मध्ये एक दिवसाची पिल्ले पार्सलने स्वीकारायला सुरुवात केली. त्याच वर्षी सॅम्युअल स्मिथ यांना पंख्याने हवा खेळवणाऱ्या मोठ्या उबवणी यंत्राचे पेटंट मिळाले. वेगवेगळ्या दिवसांची अंडी एकाच खोलीत ठेवून हवेच्या झोताने जुन्या अंड्यांची उष्णता नव्या अंड्यांकडे न्यायची, हा त्याचा गाभा, म्हणजे चिनी टोपलीतलीच कल्पना. या पेटंटवरचा वाद 1935 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल स्मिथ यांच्या बाजूने लागला. हजारो अंडी एका खोलीत उबू लागल्यावर दिव्याच्या पेटीत पन्नास अंडी सांभाळणे शेतकऱ्याला परवडेना.

कोंबडीही बदलली. खुडूक झालेली कोंबडी अंडी घालणे थांबवते. उबवायला यंत्र असेल तर हा स्वभाव पैदासकाराच्या दृष्टीने निव्वळ तोटा, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्या निवडल्या गेल्या. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींत रवणावर बसणारी कोंबडी आज क्वचितच आढळते. यंत्रामुळे कोंबडीचा स्वभाव गेला आणि तो गेल्यामुळे यंत्रावाचून गत्यंतर उरले नाही. देशी आणि हौशी जातींमध्ये तो टिकून आहे, याचे मला फार समाधान वाटते.

घरात पेटी परतली ती विजेच्या बल्बने, थर्मोकोलच्या हलक्या डब्याने आणि अलीकडे तापमान आपोआप राखणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅटने. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा खालच्यापेक्षा गरम असते, म्हणून तिथे अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर एखादा अंश जास्त धरावा लागतो. पंख्याने तो प्रश्न मिटतो. अंडी फिरवण्याचे काम मोटर करते. न फिरवल्यास गर्भ वर तरंगून आतल्या आवरणाला चिकटू शकतो. अठराव्या दिवशी फिरवणे बंद करून ओलावा 65-70 टक्क्यांपर्यंत वाढवायचा. बदकाला 28 दिवस, मस्कोव्ही बदकाला 35 आणि जपानी लाव्याला सतराच. लाव्यांच्या बाबतीत एक लोभस गोष्ट मार्गारेट व्हिन्स यांनी 1960 च्या दशकात दाखवली: शेजारी टेकलेल्या अंड्यांतली पिल्ले टकटक आवाजाने एकमेकांना वेग देतात आणि सगळी थोड्या वेळात निघतात. ट्रेमध्ये अंडी सुटी सुटी ठेवली की हा संवाद कमी होतो. म्हणून शेवटच्या दिवसांत अंडी आडवी, एकमेकांना टेकवून ठेवावीत असे मी आवर्जून सांगतो.

एक प्रश्न मात्र घरच्या पेटीने सोडवलेला नाही. निघणाऱ्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. 1920 च्या दशकात जपानी संशोधकांनी एक दिवसाच्या पिल्लाचे लिंग गुदद्वाराच्या आतल्या बारीक खुणेवरून ओळखण्याची पद्धत शोधली. त्यानंतर हॅचरीतून फक्त तलंगा, म्हणजे मादी पिल्ले, विकत घेता येऊ लागल्या आणि अंड्यांच्या जातींची नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जाऊ लागली. जर्मनीने 2022 पासून या प्रथेवर बंदी घातली, आता तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रे वापरतात. घरी उबवणाऱ्याकडे असे काही नाही. बारा पिल्ले निघाली तर त्यांत पाच-सात कोंबडे असणार, त्यांना जागा आणि दाणा लागणार, काही महिन्यांत ते एकमेकांशी झुंजणार. त्यांचे काय करायचे हे अंडी पेटीत ठेवण्याआधी घरात बोलून ठरवलेले असावे.