पैलतीर नाकासमोर नसतो

बाजीरावांच्या पुण्यतिथीला, 28 एप्रिलला, इंदूरहून रावेरखेडीला जाणारी बहुतेक मराठी मंडळी समाधीचे दर्शन घेऊन परततात. 1740 साली थोरल्या पेशव्यांचा अंत झाला ती ही जागा नर्मदेचा जुना उतार होती; मराठ्यांच्या फौजा येथून नदी ओलांडत. समाधीच्या जतनाविषयी आपण बोलतो, उताराविषयी मात्र बोलत नाही, कारण नदी ओलांडण्याचा घाट म्हणजे पायऱ्या आणि नाव, एवढीच आपली कल्पना असते.

समजा, पात्र 400 मीटर रुंद आहे, नावेची पाण्यातील गती सेकंदाला 1 मीटर आहे आणि प्रवाहाची सरासरी गती 1.2 मीटर आहे. प्रवाह नावेपेक्षा वेगवान असल्यामुळे नावेचे नाक, म्हणजे पुढचे टोक, धारेविरुद्ध कितीही वर धरले तरी नेमक्या समोरच्या पायरीवर पोचणे अशक्य असते. नाक पैलतीराकडे सरळ ठेवले, तर 400 सेकंदांत नाव पलीकडे जाते खरी, पण तेवढ्या वेळात 480 मीटर खाली वाहून गेलेली असते. तरीही जुने नावाडी ठरल्या घाटावर उतरवत, आणि त्याचे रहस्य काठात आहे. तळाशी आणि काठाशी होणाऱ्या घर्षणामुळे तेथील पाणी मंद असते. उथळ, खडबडीत काठालगत ही गती 0.2 मीटरपर्यंत उतरली, तर तीच नाव काठाकाठाने सेकंदाला 0.8 मीटर या गतीने वर चढते. म्हणजे आधी दहा मिनिटे 480 मीटर वर जायचे, मग नाव आडवी सोडायची आणि जेमतेम सात मिनिटांत पैलघाटाला लागायचे. धारेच्या मध्यात जे अशक्य, ते काठाच्या आधाराने शक्य होते. शाळेतल्या गणितात प्रवाह सर्वत्र सारखा धरलेला असतो, म्हणून ही सुंदर युक्ती तेथे दिसतच नाही. परतीच्या फेरीतही नाव खालच्याच बाजूला वाहते, त्यामुळे दोन्ही तीरांवर घाटाच्या वरच्या अंगाला असा मंद पट्टा लागतो.

याच पट्ट्याच्या कडेला, वेगवान आणि संथ पाणी जेथे एकमेकांना घासते तेथे, भोवरे उठतात. त्यांच्याकडे बोट दाखवून नदी बळी मागते असे सांगणे थांबायला हवे. खडकाच्या टोकामागे भोवरा कोठे आणि किती पाण्यात उठेल, हे नावाडी आधीच ओळखत असत.

म्हणूनच घाटाला लागून सरळसोट काँक्रीटची भिंत बांधली किंवा काठची वाळू खोलवर उपसली, की पायऱ्या शाबूत राहूनही घाट मोडतो, कारण मंद पट्टा नाहीसा होतो. धरणाच्या फुगवट्यात याच्या उलट घडते. सरदार सरोवर 2019 साली 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, तेव्हा बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत नदीचा तलाव झाला. जेथे धारच उरत नाही, तेथे धार ओळखण्याच्या विद्येला काम उरत नाही.

रावेरखेडीला आणि महेश्वरला म्हणूनच जतनाच्या नकाशात पायऱ्यांबरोबर वरच्या अंगाचा निदान अर्धा किलोमीटर काठ धरावा. हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तेथील पाण्याची गती मोजावी, आणि कोणत्या खडकापाशी नाव आडवी सोडायची हे वृद्ध नावाड्यांना विचारून, त्या खडकांच्या स्थानिक नावांसह, लिहून ठेवावे.