बिनलग्नाच्या बापाचे हक्क आणि जबाबदारी : बेळगाव सीमाभागाची पार्श्वभूमी

सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या, म्हणजे देवदासी केलेल्या, बाईच्या लेकराचा बाप कोण, हे गल्लीला ठाऊक असायचे. शाळेच्या दाखल्यावर मात्र तो नसायचा. झुलवा, म्हणजे तिला एखाद्या पुरुषाशी जोडण्याचा विधी, लागला की एखादा घरंदाज, लग्न झालेला माणूस तिचा ‘मालक’ व्हायचा. पोरे व्हायची. त्याची बायको, शेती, वाडा सगळे वेगळे. या पोरांचे त्याच्यावर काय लागते, हा प्रश्न गावात उघडपणे कुणी विचारत नसे.

ग्रंथांनी तो फार पूर्वी विचारला होता, आणि तोही याच पट्ट्यात. ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याण नगरीतला. ते आजचे बसवकल्याण, म्हणजे बीदरकडचा सीमाभाग. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आधाराने तिथे ठरले की शूद्राला दासीपासून झालेल्या मुलाला बापाच्या इच्छेने वाटा मिळावा, आणि बाप गेल्यावर भावांनी त्याला अर्धा भाग द्यावा. वरच्या वर्णांत मात्र दासीपुत्राला नुसते पोटापुरते. इंग्रजांच्या काळात बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल इथे लागू होत. 1875 च्या राही विरुद्ध गोविंद खटल्यात त्या न्यायालयाने ‘दासी’ शब्दाचा अर्थ कायम ठेवलेल्या बाईपर्यंत नेला. जातीवर उभा असलेला हा नियम अन्यायाचाच होता. पण बापाच्या जमिनीत त्या मुलाचे पाऊल पडत होते, हेही खरे.

इंग्रजांनी दुसरी वाट काढली, रोख पैशाची. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 488 ने औरस-अनौरस असा भेद न करता मुलाला पोसण्याची सक्ती बापावर केली. धर्म कोणताही असो. मर्यादा महिना 50 रुपये. पुढे ती 500 झाली, 1973 च्या संहितेत कलम 125 आले तरी 500 वरच राहिली, आणि 2001 मध्ये एकदाची काढून टाकली. इतकी वर्षे कायद्याने या बापाला मुख्यतः देणेकरी म्हणून पाहिले. त्याने मुलाला नाव द्यावे, मांडीवर घ्यावे, हा विचार त्यात नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपते.

1946 मध्ये मुंबई प्रांताने हिंदूंच्या द्विभार्या विवाहावर बंदी घातली. पहिली बायको असताना लावलेले लग्न रद्दबातल ठरू लागले आणि धाकटीची पोरे एका फटक्यात अनौरस झाली. हळद लागली, मांडव पडला, गाव जेवले, तरी कायद्याच्या लेखी बाप बिनलग्नाचा! आपल्याकडे जुन्या वाटणीच्या भांडणांत ‘धाकटीच्या पोरांचा’ विषय निघतो तो असा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 ने आणि 1976 च्या दुरुस्तीने अशा पोरांना औरस ठरवून आईबापांच्या मालमत्तेत हक्क दिला. वडिलोपार्जित इस्टेटीचा घोळ मात्र राहिला. तो सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2023 रोजी, कर्नाटकातूनच गेलेल्या रेवणसिद्धप्पा खटल्यात सोडवला: काल्पनिक वाटणीत, म्हणजे बाप जाण्याआधी वाटणी झाली असे धरून, त्याच्या वाट्याला जे येईल, त्यात या मुलांचाही हिस्सा.

ज्यांचे लग्नच झाले नाही, त्यांच्या पोरांना हा निकाल लागू नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने अनौरस मूल बापाचे नव्हे, आईचे नातलग मानले. दासीपुत्राचा जुना वाटाही त्याबरोबर गेला. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि सगळा सीमाभाग त्या लढ्यात उतरला. हा बदल कितीजणांच्या ध्यानात आला असेल? आज अशा बापाला मुलासाठी काही ठेवायचे असेल तर मृत्युपत्र करणे हाच सरळ मार्ग.

आता हक्कांचे. 1956 च्या हिंदू पालकत्व कायद्यानुसार अनौरस मुलाची पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली बापाला ताब्यासाठी अर्ज करता येतो. कोर्ट मुलाचे हित बघते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अविवाहित आईने पालकत्व मागताना बापाचे नाव सांगायची किंवा त्याला नोटीस द्यायची गरज नाही. पुढे बाप मुलासाठी आला तर आदेश बदलता येतो. मला हे योग्य वाटते. जो पुढे येतो, त्याला दार उघडे आहे.

देवदासींसाठी 1934 चा मुंबईचा आणि 1982 चा कर्नाटकाचा कायदा झाला, पण दोघांचाही भर प्रथा थांबवण्यावर. बापाची ओळख मागण्याचा मुलाचा हक्क कर्नाटकाने थेट हातात घेतला तो 2025 मध्ये.

पोटगीचे कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झाले आहे. बाप चंदगड-गडहिंग्लजला, म्हणजे महाराष्ट्रात निघून गेला तरी आईने त्याच्या मागे धावायला नको: तो तिच्याबरोबर शेवटचा जिथे राहिला, तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो. खटला चालू असतानाची अंतरिम पोटगी शक्यतो 60 दिवसांत ठरवावी, असे तिथेच लिहिले आहे.