नकाशात कूलर कुठे आहे?

घराचा नकाशा हातात आला की आपण आधी स्वयंपाकघराची दिशा बघतो, मग देवघर, मग जिना. विजेचा वेगळा नकाशा मागणारे फार थोडे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कितीतरी घरांचे पॉइंट ठरतात ते विटांवर खडूने केलेल्या खुणांनी, प्लास्टर तोंडावर आलेलं असताना. वायरमन विचारतो, टीव्ही कुठे, फ्रिज कुठे, आणि घरातले उभ्या-उभ्या सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की खानदेशात पहिला प्रश्न वेगळा हवा: “भाऊ, कूलर कठे ठेवाना शे?” आणि तोही स्लॅब पडायच्या आधी, कागदावर.

या कागदावर भिंती फिकट आणि चिन्हं ठळक काढतात. वर्तुळात फुली म्हणजे दिवा, भिंतीला टेकलेलं अर्धवर्तुळ म्हणजे सॉकेट. छोट्या वर्तुळाला एक तिरपी शेपटी असली तर स्विच. विरुद्ध दिशांना दोन शेपट्या असल्या तर जिन्यातला टू-वे, म्हणजे एकच दिवा वरून-खालून दोन्हीकडून लावता येणारा स्विच. आयईसी ६०६१७ हे अशा चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. तरी ऑफिसागणिक थोडा फरक पडतोच, म्हणून कोपऱ्यात चिन्हांची यादी असल्याशिवाय नकाशा ताब्यात घेऊ नये. स्विचपासून दिव्यापर्यंत जाणारी तुटक वक्र रेषा बघून तारांचा पाइप तिथूनच जाणार असं अनेकांना वाटतं. ती रेषा फक्त कोणत्या बटणावर कोणता दिवा लागतो एवढं सांगते.

एक बेडरूम जवळून बघू. दाराजवळ पाव वर्तुळाची कमान दिसते. दार कोणत्या बाजूला उघडतं ते ती दाखवते. बोर्ड कडीच्या बाजूला हवा, बिजागरीच्या बाजूला घेतला तर उघडलेल्या दारामागे तो झाकला जातो. विटांवर खुणा करताना दाराची फळी बसलेलीच नसते, नुसती मोकळी जागा असते. वायरमनने कितीही काळजी घेतली तरी तिथे अंदाजच करावा लागतो. कागदावर तेच एका नजरेत कळतं. कागदाची एक मर्यादा मात्र आहे. नकाशा म्हणजे वरून पाहिलेलं घर, त्यात उंची दिसत नाही. पलंगाजवळचं सॉकेट आणि छताजवळचं एसीचं सॉकेट सारखंच दिसतं. म्हणून चिन्हाशेजारी जमिनीपासूनची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्यायची: बोर्ड १२००, एसी २१०० किंवा जास्त, ओट्यावरच्या पॉइंटसाठी ओट्याची उंचीही धरून.

आता तारांचं गणित. आपल्याकडच्या वायरिंगच्या रूढ नियमाप्रमाणे दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॅट भार ठेवतात. मोठ्या उपकरणांची सर्किटं वेगळी. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो, दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८. दोन्ही एकाच तारेवर आले तर प्रवाह दुप्पट होतो, पण तारेतली उष्णता चौपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

इथे आपला उन्हाळा आडवा येतो. घरगुती तारेचं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंत टिकतं असं धरतात, आणि तारेची क्षमता बहुधा भोवतालचं तापमान ४० अंश मानून सांगितलेली असते. म्हणजे तारेला स्वतः तापायला ३० अंशांची मुभा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि दिवसभर ऊन खाल्लेला स्लॅब किंवा पश्चिमेची भिंत हवेपेक्षाही तापते. पाइपाभोवती ५० अंश असले तर मुभा उरते २० अंशांची, आणि तीच तार सुमारे ८२ टक्केच प्रवाह सुरक्षितपणे वाहू शकते. एसीचा पाइप पश्चिमेच्या भिंतीतून न नेता आतल्या भिंतीतून नेणं, किंवा तार एक माप जाड घेणं, हे कागदावर असतानाच परवडतं.

कूलरचं दुखणं निराळं. तो प्रवाह फारसा ओढत नाही, घरगुती कूलरला एक अँपिअरच्या आसपास पुरतो. पण पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, आणि अनवाणी पायांनी ओल्या फरशीवर उभं राहून नळी धरणारा माणूस. नकाशात पॉइंट नसल्याने खिडकीतून लोंबणारी दोन-पिनी एक्स्टेन्शन. पंपाचं इन्सुलेशन गेलं की बॉडीत करंट उतरतो. ओल्या शरीराचा रोध १००० ओहम धरला तर २३० मिलिअँपिअर, म्हणजे जीव घेण्याइतका प्रवाह माणसातून जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचला, पाव अँपिअरही नसलेला हा प्रवाह कळतच नाही. तो ओळखते आरसीसीबी, म्हणजे गळती पकडून वीज तोडणारी स्विचसारखी पेटी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ती सतत ताडून बघते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी एवढ्या मोठ्या गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत वीज तोडते.

म्हणून नकाशात कूलरच्या खिडकीशी आतल्या बाजूला, पाणी उडणार नाही अशा जागी, तीन-पिनी सॉकेट आणि स्विच दाखवा, आणि ते सर्किट आरसीसीबीखाली घ्या. तिसरी पिन जाड आणि लांब असते, त्यामुळे प्लग लावताना अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणारी तार, आधी जोडलं जातं. पण त्या पिनेमागे खरंच जमीन हवी. आपली काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात ती आक्रसते, भेगाळते, अर्थिंगच्या नळीपासून सुटते आणि रोध वाढतो, नेमका कूलरच्या दिवसांत. अर्थिंगच्या खड्ड्याची जागाही नकाशावर असावी, इमारतीपासून किमान दीड मीटर दूर आणि पाणी घालायला सोपी.

काम चालू असताना बदल होतातच. प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचे पट्टी धरून फोटो काढा, आणि पाइप खरोखर जिथून गेले तसा नकाशा दुरुस्त करून घ्या. सर्किटांचे क्रमांक घातलेली त्याची एक प्रत डीबीच्या, म्हणजे सगळी सर्किटं जिथून निघतात त्या पेटीच्या, झाकणाच्या आतून चिकटवली की पुढे भिंतीला ड्रिल लावणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळतं.