ग्लेनकोलमकिल
ग्लेनकोलमकिल : आयर्लंडच्या डोनेगॉल परगण्यातील अटलांटिक किनाऱ्यावरचे खेडे. परगण्याच्या नैर्ऋत्य टोकाला, एका अरुंद खोऱ्याच्या समुद्राकडील तोंडाशी ते वसले आहे. भोवती पीटचे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांचे) दलदली माळ आणि खडकाळ डोंगर. जवळच स्लीव्ह लीगचे सुमारे ६०० मी. उंचीचे सागरी कडे. आयरिश ही आजही जिथे बोलीभाषा आहे, अशा सरकारमान्य प्रदेशात हे गाव मोडते.

वस्ती फार जुनी. जवळच्या मालिन मोर भागात नवाश्मयुगीन दगडी थडगी आहेत. गावाला नाव मिळाले ते सहाव्या शतकातील संत कोलमकिल (कोलंबा) यांच्यावरून. धुक्याच्या आडोशाने या खोऱ्यात दडून बसलेल्या दैत्यांना त्यांनी समुद्रात हाकलले, अशी आख्यायिका आहे. संतांच्या पुण्यतिथीला, ९ जून रोजी, येथे ‘तुरस’ ही पदयात्रा निघते. सुमारे ५ किमी.च्या वाटेवर १५ थांबे आहेत : दगडांच्या राशी, क्रूस कोरलेल्या उभ्या शिळा, एक पवित्र विहीर. प्रत्येक ठिकाणी प्रार्थना म्हणत उजवी प्रदक्षिणा घालायची, अशी रीत. अनवाणी चालण्याची परंपराही आहे. एका शिळेला वरच्या बाजूला आरपार भोक आहे. लग्न ठरलेली जोडपी दोन्ही बाजूंनी त्यात बोटे घालून वाङ्‌निश्चय करीत. काही थांबे ख्रिस्तपूर्व थडग्यांच्या अगदी लगत आहेत. जुन्या श्रद्धास्थानांवरच नवा धर्म रुजला, हे येथे पायी चालताना जितके स्पष्ट जाणवते तितके ग्रंथांतून क्वचितच जाणवते.

मेंढ्या, बटाट्याची लहान वावरे, मासेमारी आणि हातमागावरचे लोकरी कापड यांवर गावाचा संसार चाले. तो पुरा पडत नसे. स्कॉटलंडमध्ये बटाटे काढायला हंगामी मजुरीसाठी जाणे आणि पुढे कायमचे देशांतर करणे, हे डोनेगॉलच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते.

फादर जेम्स मॅकडायर (१९१०–८७) १९५१ मध्ये येथे धर्मगुरू म्हणून आले, तेव्हा गावात वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते, धड रस्ते नव्हते, कारखाना तर दूरच. त्यापूर्वी लंडनमधील आयरिश स्थलांतरितांमध्ये त्यांनी काम केले होते. गाव सोडून गेलेल्यांचे पुढे काय होते, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. गावकऱ्यांनी श्रमदानातून सभागृह बांधले. मग वीज आणि पाणी यांसाठी सरकारदरबारी पाठपुरावा सुरू झाला आणि सहकारी तत्त्वावर भाजीपाला प्रक्रिया, विणकाम, पर्यटकांसाठी गवती छपरांची घरे असे उद्योग उभे राहिले. भाजीपाल्याचा उद्योग टिकला नाही, इतरही काही प्रयोग फसले. स्थलांतर पूर्ण थांबले, असेही नाही. तरीही मॅकडायर यांचे मोल केवळ ताळेबंदावरून ठरवणे अन्यायाचे होईल. सरकारने काही करावे म्हणून वाट पाहणाऱ्या गावाला त्यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय लावली.

त्या काळातील सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १९६७ मध्ये उघडलेले लोकजीवन संग्रहालय. वेगवेगळ्या शतकांतील घरांच्या हुबेहूब प्रतिकृती गावकऱ्यांनीच बांधल्या आणि त्या काळाला साजेशा भांड्याकुंड्यांनी, अवजारांनी, फर्निचरने सजवल्या. अटलांटिकच्या वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून गवतावरून दोर ताणून भिंतीतल्या खुंट्यांना आवळून बांधलेले असतात. या किनाऱ्यावरील घरबांधणीची ही खास खूण.

संगीतात या परिसराचे नाव मोठे आहे. जोरकस, तुटक गजकाम हे डोनेगॉल शैलीच्या फिडलवादनाचे (लोकसंगीतातील व्हायोलिनवादनाचे) वैशिष्ट्य. त्या शैलीतले मातब्बर वादक या भागात होऊन गेले.

१९८४ मध्ये लिअम ओ कुनेगान आणि शोसव वॉटसन यांनी येथे ‘ओइदस गेल’ ही संस्था स्थापन केली. ती प्रौढांना आयरिश शिकवते आणि त्याबरोबर डोंगरभ्रमंती, पुरातत्त्व, नृत्य, विणकाम यांचे वर्गही घेते. जगभरातून विद्यार्थी येतात. आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीज याही आयरिश शिकण्यासाठी येथे येत असत.