मुलाला समुपदेशनाला न्यायचंय? शहापूर-मुरबाडकडच्यांनी कुठं जायचं, कागद काय लागतात

आपल्याकडे कोणाला म्हटलं ना की पोराला जरा समुपदेशकाला दाखवा, की समोरचा आधी घाबरून विचारतो, म्हणजे ठाण्याला न्यायचं का? ठाण्याला म्हणजे कुठं ते आपल्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. ते मेंटल हॉस्पिटल १९०१ सालचं आहे आणि त्याची भीती गावागावात बसलीय. आणि दुसरा प्रश्न ठरलेला, कागद काय काय लागतील.

मी मुरबाड तालुक्यात शाळेवर आहे. सहावीतली एक मुलगी, बाप वीटभट्टीवर गेला तो तिकडेच वारला, त्यानंतर ती रोज शाळेत यायची पण वहीत एक रेघ नाही, नुसती पेन्सिल चावत बसायची, इतकी की वरचं लाकूड सुटून आतलं शिसं दिसायचं. आजीला म्हटलं हिला दवाखान्यात दाखवूया, तर पंधरा दिवस आजी आलीच नाही. आली तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्ड, जन्माचा दाखला, बापाच्या मृत्यूचा दाखला, लाईट बिल आणि चक्क सातबारा. पंधरा दिवस ती हे गोळा करत फिरत होती. दवाखान्यात केसपेपरवर नाव, वय, गाव लिहिलं आणि आत पाठवलं, पिशवी कोणी उघडायलाही सांगितली नाही. ते पंधरा दिवस मला अजून टोचतात म्हणून हे लिहितेय.

तर पहिल्या भेटीसाठी फॉर्म नाही, दाखला नाही, उत्पन्नाची अट नाही. आधार असलं तर बरं, मोबाईल नंबर द्या, आधीची औषधं-रिपोर्ट असतील तर न्या, आणि आई, बाप किंवा जो सांभाळतो तो मोठा माणूस सोबत हवा. बास. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासण्या फ्री आहेत (महापालिकेच्या हॉस्पिटलला हा नियम आपोआप लागू नाही, तिथं केसपेपरचे पैसे पडू शकतात). आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार मोफत, पिवळं कार्ड हातात नसलं तरीसुद्धा. कार्ड नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर हे सांगा.

घरातून निघायचीच सोय नसेल तर १४४१६ लावा. टेलिमानस म्हणतात त्याला, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, दिवसरात्र चालू, फ्री, मराठीत बोलता येतं. पोरगं रात्री झोपेतून ओरडत उठतंय, जीव द्यायची भाषा करतंय, असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका, त्याला एकटं सोडू नका, विषारी औषधं फवारणीची असतील ती आधी उचलून ठेवा आणि फोन लावा. काही करून घेतलंच असेल तर मात्र सरळ १०८ ची गाडी.

प्रत्यक्ष दाखवायचं तर आधी जवळचं बघा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय, भिवंडीला आयजीएम, म्हणजे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय. तिथं "मैत्री क्लिनिक" विचारा, ते १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी असतं, समुपदेशक बसतात. रोज असतातच असं धरून चालू नका, गाडीभाडं घालून डोळखांब-टोकावड्याहून जायचं तर आशाताईकडून वार आधी विचारून घ्या. दहाच्या आतलं मूल असेल, म्हणजे बोलतच नाही, नजर देत नाही, उशिरा चालायला लागलं असं, तर आरबीएसकेची, म्हणजे सरकारतर्फे मुलांची आरोग्य तपासणी करणारी टीम धरा. ही टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासते. येणार त्या दिवशी स्वतः शाळेत जा आणि डॉक्टरांना तोंडाने सांगा, कारण पाच मिनिटांत उंची-वजन-दात बघताना मुलाच्या मनातलं कोणाला दिसणार? त्यांनी पुढची चिठ्ठी दिली की ती जपून ठेवा, सिव्हिलला तिचा उपयोग होतो. आश्रमशाळेत मूल असेल तर अधीक्षकांशी बोला, पण नुसतं त्यांच्यावर सोडू नका, पहिल्यांदा घरचं कोणीतरी सोबत जाच.

कागदापेक्षा जे खरंच कामाला येतं ते सांगते. एक साधी यादी करा, कधीपासून, काय झालं तेव्हापासून, झोप कशी, जेवण कसं, अंथरूण ओलं करतो का, शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखतं का. आणि मुलाच्या वह्या न्या. त्या मुलीची कोरी वही आम्ही नेली होती, समुपदेशक ताईंनी तीच उघडून तिच्यासमोर ठेवली आणि दोघी चित्र काढत बसल्या.

भगताकडे जाताय तर त्यावरून मी भांडणार नाही, पण त्याच आठवड्यात दवाखान्यातही या, एवढं ऐका.

भरती करून घेतील का, ही मोठी भीती असते. समुपदेशन म्हणजे बोलणं, खेळणं, घरच्यांशी बोलणं, बहुतेक मुलं तासाभरात घरी येतात. अठराच्या आतल्या मुलाला मानसिक उपचारांसाठी भरती करायचं तर वर सांगितलेला २०१७ चा कायदाच फार कडक आहे (मे २०१८ पासून लागू आहे). पालकाने स्वतः अर्ज द्यायचा, दोन डॉक्टर-तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासायचं, त्यात एक तरी मनोविकारतज्ज्ञ हवाच, मुलाला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवायचं नाही, आणि पालक किंवा त्यांनी ठरवलेला माणूस पूर्ण वेळ सोबत राहायचा. तुमच्या अर्जाशिवाय पोराला ओढून नेतील असं काही नसतं.

आत बोललेलं बाहेर जात नाही, उपचाराची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे, शाळेला सगळं कळेल म्हणून मागे राहू नका. एक गोष्ट मात्र वेगळी. मुलावर लैंगिक अत्याचार झालाय असं कळलं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने ते पोलिसांना कळवावंच लागतं, डॉक्टर असो, मी असो, शेजारी असो. अशा वेळी १०९८ लावा, लहान मुलांसाठीचाच नंबर आहे. बालकल्याण समिती केस चालू असताना मुलासोबत राहायला आधार देणारी व्यक्ती नेमून देऊ शकते, ती मागून घ्या, लोकांना हे माहीतच नसतं.

कागद लागतात ते सर्टिफिकेटला. गतिमंदत्व, ऑटिझम, वाचायला-लिहायला न येण्याची अध्ययन अक्षमता, यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र निघतं. अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर, सेतूवाल्याकडून भरून घेतलात तरी चालतो. मुलाचं आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा, पालकाची माहिती, चालू मोबाईल नंबर. मग हॉस्पिटलला बोलावतात, तपासून टक्केवारी देतात, ४० टक्के किंवा जास्त असेल तर बऱ्याच सवलती मिळतात. अध्ययन अक्षमतेचं सर्टिफिकेट साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात, त्याआधी घाई करू नका. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक लागणार असेल तर नववीतच कामाला लागा, ऐनवेळी शाळेचीही धावपळ होते आणि मुलाचीही.

आणि भट्टीवर जाणाऱ्यांसाठी. दिवाळीनंतर तुम्ही कल्याण-भिवंडीकडे उतरता आणि पोराची पुढची तारीख तशीच राहते. पुढची तारीख केसपेपरवरच लिहिलेली असते, तो केसपेपर आणि औषधाची चिठ्ठी सोबत न्या, जायच्या आधी समुपदेशकाला सांगा की आम्ही अमुक गावाजवळ असू, तिकडच्या दवाखान्याचं नाव लिहून द्या. औषध चालू असेल तर मनाने बंद करू नका, महिन्याभराचं मागून घ्या. केसपेपर हरवायची भीती असेल तर आजच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि मोबाईल नसेल तर वर्गशिक्षकाकडे एक झेरॉक्स देऊन ठेवा.